सल्ला देणारी सात माणसं

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की गावाकडची भांडणं बांधावर येतात. वरच्याने साचलेलं पाणी काढून द्यायला बांध फोडलेला असतो. ते पाणी खालच्याच्या शेतात उतरतं आणि उतरताना वरची मऊ माती, नुकतं पेरलेलं बी, टाकलेलं खत सगळं बरोबर घेऊन येतं. वरचा म्हणतो, पाऊस काय मी पाडला? खालचा म्हणतो, बांध तर तूच फोडलास ना! दोघांचंही खरं असतं. माती आणि पाणी यांच्याबद्दलचा कुठलाही कायदा, कुठलंही खातं, कुठलाही आयोग अखेर या दोघांच्या मध्ये उभा असतो. वरचं शेत दोन एकरांचं असो की वीस लाख एकरांचं, आणि खाली कोणाची पट्टी असो की पाच लाख वस्तीच्या शहराचा पिण्याच्या पाण्याचा साठा, पेच तोच राहतो.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात या पेचावर काम करणारा सात जणांचा एक आयोग आहे, ओहायो मृद व जलसंधारण आयोग. त्याच्याकडे यंत्रं नाहीत, फौजफाटा नाही, कोणाला दंड करण्याचा अधिकार नाही. कायद्यातली त्याच्या कामांची यादी वाचली तर शिफारस करणे, माहिती देणे, सहकार्य मिळवणे हीच क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. नुसता सल्ला देणारा आयोग करून करून काय करणार, असं कोणालाही वाटेल. पण 2018 च्या जुलै महिन्यात खुद्द गव्हर्नरचा आदेश याच सात जणांच्या टेबलापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तो का थांबला हे समजायचं तर आधी हा आयोग आला कुठून ते पाहायला हवं.

1905 साली व्हर्जिनिया राज्यातल्या लुइसा काउंटीत जमिनीची पाहणी चालू होती. पाहणी करणाऱ्यांत ह्यू हॅमंड बेनेट नावाचा चोविशीतला मृदाशास्त्रज्ञ होता. तिथे त्याला लागून लागून असलेले दोन तुकडे दिसले. उतार तोच, खालचा खडकही तोच. एका तुकड्यावर रान होतं आणि तिथली माती इतकी भुसभुशीत, ओलसर की हाताने उकरता यावी. दुसरा तुकडा वर्षानुवर्षं नांगरलेला आणि तिथे कडक, चिवट चिकणमाती. ही दोन जातींची माती नाही, हे बेनेटच्या ध्यानात आलं. नांगरलेल्या तुकड्यावरचा वरचा थर पावसाबरोबर पापुद्र्या-पापुद्र्याने निघून गेला होता आणि उघडं पडलं होतं ते मातीचं पोट. मोठी घळ पडली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिली असती. इथे घळ नव्हती. सगळं शेत एकसारखं झिजलं होतं, म्हणून त्याच्या मालकालासुद्धा ते जाणवलं नव्हतं.

पुढची पंचवीस-तीस वर्षं बेनेट हीच गोष्ट सांगत राहिला. 1928 मध्ये त्याने कृषी खात्यासाठी लिहिलेल्या एका पत्रकात जमिनीच्या धुपीला राष्ट्रीय संकट म्हटलं. ते फार कोणी मनावर घेतलं नाही. मग 1930 च्या दशकातला दुष्काळ आला. दक्षिणेकडच्या मैदानी प्रदेशात गवताळ रानं फोडून गहू पेरलेला होता, पाऊस गेला, पीक गेलं आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर चढली. 1935 च्या वसंतात ती धूळ हजारो किलोमीटरचा प्रवास करून राजधानी वॉशिंग्टनच्या आकाशात पोहोचली. त्या दिवसांत बेनेट संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होता. ज्या मातीबद्दल तो बोलत होता तीच खिडकीबाहेर दिसू लागल्यावर वेगळ्या पुराव्याची गरज उरली नाही. 27 एप्रिल 1935 रोजी मृदसंधारणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि बेनेट नव्या खात्याचा प्रमुख झाला.

आता खरा प्रश्न पुढे होता. खातं झालं, पैसा आला, पण जमीन होती शेतकऱ्याची. केंद्र सरकारचा माणूस कुंपण ओलांडून आत जाणार तरी कसा आणि इथे नांगरू नको म्हणून सांगणार कोणत्या अधिकाराने? 27 फेब्रुवारी 1937 रोजी रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरना पत्र लिहिलं आणि सोबत कायद्याचा एक नमुना जोडला. राज्यांनी तो आपापल्या विधिमंडळात मंजूर करावा अशी विनंती होती.

त्या नमुन्यातली रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. गावोगावच्या पंचवीस जमीनधारकांनी अर्ज करायचा, की आमच्या भागात मृदसंधारणाचा जिल्हा स्थापन करा. इथे जिल्हा म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. एवढ्याच कामापुरती, लोकांनी निवडलेल्या मंडळाची ती एक छोटी स्थानिक संस्था. अर्ज जायचा राज्य पातळीवरच्या समितीकडे. समितीने सुनावणी घ्यायची, हद्द ठरवायची, तिथल्या शेतकऱ्यांचं मतदान घ्यायचं आणि कौल अनुकूल आला तरच जिल्हा अस्तित्वात यायचा. कारभाराला पाच पर्यवेक्षक, त्यांतले तीन निवडून आलेले आणि दोन राज्य समितीने नेमलेले. आज अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांत जे मृद व जलसंधारण आयोग दिसतात त्यांचं मूळ या राज्य समितीत आहे. पहिला जिल्हा 4 ऑगस्ट 1937 रोजी नॉर्थ कॅरोलायनात ब्राउन क्रीकच्या पाणलोटात झाला, बेनेट ज्या काउंटीत जन्मला होता तिथेच. आज देशभरात असे सुमारे 3000 जिल्हे आहेत.

नमुन्यात आणखी एक कलम होतं. जमीन कशी वापरावी याचे नियम करण्याचा आणि ते पाळायला लावण्याचा अधिकार जिल्ह्यांना द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. पुष्कळ राज्यांनी ते कलम गाळलं आणि ज्यांनी ठेवलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते वापरलं नाही. शेतकऱ्याला समजावायचं, पैशाची मदत करायची, पण सक्ती करायची नाही, हा रिवाज तेव्हापासून पडला. या प्रकरणाच्या शेवटापर्यंत हे गाळलेलं कलम आपला पिच्छा सोडणार नाही.

याच सुमारास आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, 1942 चा जमीन सुधारणा योजना कायदा आला. त्याखाली दख्खनच्या अवर्षणी पट्ट्यात समतल बांधबंदिस्ती झाली. पण आपली वाट उलटी होती. योजना वरून यायची, आखणी ओव्हरसियर करायचा. समतल बांध जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळत जातो आणि शेतकऱ्याची हद्द असते सरळ. बांध दोन भावांच्या वाटणीतून तिरका गेला की औत वळायला जागा राहत नाही, एका बाजूला पाचर उरते. असे कितीतरी बांध पुढे नांगरटीत गेले. बांध शास्त्राप्रमाणे बरोबर होता, पण तो शेतकऱ्याला आपला वाटला नव्हता. हे डोळ्यांपुढे असलं की अर्ज, सुनावणी, मतदान अशा लांबलचक वाटेने जाण्यात अमेरिकनांनी काय मिळवलं ते नीट कळतं.

ओहायोने हा कायदा 1941 मध्ये केला आणि 1942 मध्ये हायलंड काउंटीत राज्यातला पहिला जिल्हा झाला. आज राज्याच्या 88 काउंट्यांत 88 जिल्हे आहेत आणि प्रत्येकाला तीन-तीन वर्षांसाठी निवडून आलेले पाच पर्यवेक्षक. त्या 440 लोकांच्या आणि राज्य सरकारच्या मध्ये जो दुवा आहे तो म्हणजे आपला आयोग.

सात सदस्यांपैकी सहा जणांना गव्हर्नर नेमतात आणि त्याला राज्याच्या सिनेटची संमती लागते. सातवा सदस्य जिल्ह्यांचा महासंघ पाठवतो. नेमलेल्या सहांपैकी चौघांना शेती आणि नैसर्गिक साधनसंपत्तीची जाण असावी, एकाने ग्रामीण भागाचं म्हणणं मांडावं, एकाने शहरी भागाचं. सहापैकी तिघांहून जास्त एकाच पक्षाचे नसावेत. कृषी, पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधन या तीन खात्यांचे संचालक आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे कृषी विभागाचे उपाध्यक्ष बैठकीला बसू शकतात, पण त्यांना मत नाही. खात्यांचे सर्वोच्च अधिकारी ऐकायला आणि मत शेतकरी-नागरिकांना, अशी ही मांडणी. माझ्या मते या आयोगाची सगळी ताकद आणि पुढे दिसणारी सगळी अडचण या एका मांडणीत आहे.

दर तिमाहीला एकदा तरी बैठक झालीच पाहिजे, असं कायदा सांगतो. बैठकीत होतं काय? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैशाची वाटणी. ओहायोतल्या जिल्ह्यांना स्वतःचा कर बसवता येत नाही. काउंटी त्यांना काही रक्कम देते आणि तिला जोड म्हणून राज्य आपला वाटा घालतं. तो वाटा कसा वाटायचा हे आयोग ठरवतो. हे वाचायला रुक्ष आहे, पण जिल्ह्याच्या छोट्या कचेरीत बसलेल्या तंत्रज्ञाचा पगार यावर चालतो. शेतकरी सकाळी फोन करतो की खालच्या कोपऱ्यात ओघळ पडलाय, येऊन बघता का. कोणीतरी गाडी काढून, रबरी बूट घालून त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. आयोगाने आकड्यांचा तक्ता चुकीचा केला तर एखाद्या काउंटीत तो माणूस उरत नाही.

बाकीची कामं याच्या मागून येतात. छोट्या पाणलोटांच्या कामांत आधी कुठलं घ्यायचं हे सुचवणं, केंद्राकडे किती निधी मागायचा हे सांगणं, पर्यवेक्षकांच्या निवडणुकांचे नियम करणं, कायद्यात काय बदलावं हे गव्हर्नरला आणि विधिमंडळाला कळवणं. आणि एक काम असं की ज्याकडे कोणाचं सहसा लक्ष जात नाही: एका जिल्ह्याला जे कळलं ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं. ओहायोसारख्या राज्यात ते मोलाचं ठरतं, कारण या एका राज्यात दोन वेगळ्या भूमी आहेत. आग्नेयेला डोंगरउतार, तर वायव्येला टेबलासारखी सपाट जमीन.

डोंगरउताराच्या बाजूला कोशॉक्टन नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ केंद्र सरकारने 1930 च्या दशकातच एक प्रयोगक्षेत्र उभं केलं. शेतांचे छोटे छोटे पाणलोट आखले, प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी आणि गाळ मोजायची सोय केली. पाऊस पडेल, पाणी वाहील, ते त्या अरुंद तोंडातून जाईल आणि किती माती गेली याचा हिशेब राहील. वर्षानुवर्षं हा हिशेब चालू होता. 1969 च्या जुलैच्या सुरुवातीला तिथे एक प्रचंड पाऊस झाला, काही तासांत पाच इंचांच्या आसपास. मक्याची तीन शेतं त्या पावसात सापडली.

पहिलं शेत नांगरून स्वच्छ केलेलं, ओळी उताराला धरून. उतार सात टक्क्यांच्या आत. त्या एका पावसात तिथून एकरी 20 टनांहून जास्त माती गेली. दुसरं शेतही नांगरलेलंच, उतार जवळपास तेवढाच, पण ओळी समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडव्या. तिथून गेली सुमारे तीन टन. तिसरं शेत उताराने भयंकर, वीस टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे असा उतार पाहिला की कोणी मका लावायचं नाव काढणार नाही. पण तिथे नांगर घातलाच नव्हता. मागच्या पिकाचं धसकट आणि पाचोळा तसाच ठेवून, त्यात चीर पाडून बी पेरलं होतं, ओळी समतल. तिथून एकरी माती गेली तीस किलोच्या आत.

वीस टन आणि तीस किलो. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की बेनेटला लुइसा काउंटीत जे दिसलं होतं त्याचं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. नांगरणीविना शेती पुढच्या दशकांत ओहायोत पसरली ती अशा आकड्यांच्या आधाराने आणि जिल्ह्यांच्या पर्यवेक्षकांनी आपापल्या शेतात ती करून दाखवल्यामुळे. विनानांगरणी पेरणीचं यंत्र महाग असतं. पुष्कळ जिल्ह्यांनी ते विकत घेतलं आणि शेतकऱ्यांना भाड्याने दिलं. सल्ला असा दिला जातो. सांगणाऱ्याचं स्वतःचं शेत रस्त्याला लागून असतं आणि त्यातलं पीक सगळ्यांना दिसतं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते आपल्या वाटेवरून जातं. ओहायोत मातीची गोडी सामान्य माणसाला ज्याने लावली तो लुई ब्रोमफील्ड हा मूळचा कादंबरीकार. 1937 साली आलेली त्याची गाजलेली कादंबरी भारतातल्या रांचीपूर नावाच्या संस्थानात घडते आणि ते संस्थान बडोद्यावर, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यावर बेतलेलं आहे. त्या पुस्तकाने त्याला पैसा दिला. 1939 मध्ये त्याने ओहायोतल्या रिचलंड काउंटीत झिजलेली शेतं विकत घेतली आणि त्या जागेला नाव दिलं मलबार. समतल पट्टे, हिरवळीचं खत, गवताचा फेरपालट अशी सगळी साधनं वापरून त्याने ती जमीन माणसात आणली आणि त्यावर पुस्तकं लिहिली. आज ते शेत राज्याचं उद्यान आहे.

आता वायव्येकडची सपाट जमीन. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे मोठी दलदल होती, ग्रेट ब्लॅक स्वॉम्प. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतवाल्यांनी चर खणले, जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि पाणी काढून दिलं. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत शेतकरी आज सच्छिद्र पाइप गाडतात, तत्त्व तेच. नळ्यांनी पाण्याचा निचरा झाला, वापसा लवकर येऊ लागला आणि दलदलीची जागा राज्यातल्या सगळ्यात सुपीक शेतीने घेतली. या जमिनीचं पाणी मॉमी नदीत जातं आणि मॉमी टोलेडो शहरापाशी ईरी सरोवराला मिळते. सरोवराचा तो पश्चिम भाग उथळ आहे, सरासरी खोली साडेसात मीटरच्या आत. उन्हाळ्यात पाणी लवकर तापतं.

2 ऑगस्ट 2014 च्या पहाटे टोलेडोच्या लोकांना सूचना मिळाली: नळाचं पाणी पिऊ नका. उकळूही नका. सरोवरातल्या शेवाळासारख्या निळ्या-हिरव्या जिवाणूंनी सोडलेलं विष पाण्यात उतरलं होतं आणि उकळल्याने पाणी आटून विष आणखी तीव्र झालं असतं. सुमारे पाच लाख लोकांचं पिण्याचं पाणी तीन दिवस बंद राहिलं. दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या. गोड्या पाण्याच्या जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर राहणाऱ्या आयांना तान्ह्या बाळाचं दूध कालवायला पाणी नव्हतं.

त्या जिवाणूंचं खाद्य होतं स्फुरद. ते शहरांच्या सांडपाण्यातून येतं, तसं शेतातून येतं, आणि मॉमीच्या पाणलोटात मोठा वाटा शेतीचा आहे. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. सत्तरच्या दशकापासून मातीची धूप कमी झाली तशी मातीच्या कणांना चिकटून जाणारं स्फुरदही घटलं. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेलं स्फुरद वाढायला लागलं आणि जिवाणूंना ते थेट खाता येतं. हे कळलं कसं? टिफिन गावातल्या हायडलबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 1970 च्या दशकाच्या मध्यापासून नद्यांचं पाणी सातत्याने तपासलं होतं म्हणून.

स्फुरद वाढायला कारणं अनेक आहेत, पण त्यांतलं एक मनाला चटका लावणारं आहे. नांगर बंद झाला तसं दाणेदार खत मातीत मिसळणंही बऱ्याच ठिकाणी बंद झालं. पीक निघाल्यावर शरदात खत वरून फेकायचं, ते वरच्या एक-दोन इंचांत साठायचं. न नांगरलेल्या मातीत गांडुळांची बिळं, मुळांच्या वाटा शाबूत राहतात. मातीला ते चांगलंच. पण जोराचा पाऊस आला की वरचं स्फुरद विरघळून त्याच वाटांनी खाली नळ्यांत उतरतं, नळीतून चरात, चरातून नदीत. कोशॉक्टनच्या डोंगरावर ज्या पद्धतीने माती वाचली, तिनेच मॉमीच्या सपाटीवर खत निसटायला वाट करून दिली. शेतकऱ्याने काही चोरून केलं नव्हतं. त्याला जे शिकवलं ते त्याने मन लावून केलं होतं. शिवाय त्याचं स्वतःचं नुकसान डोळ्यांत भरण्याएवढं नव्हतं. एकरी एक-दोन पौंड स्फुरद गेलं तर मक्याच्या उताऱ्यात फरक दिसत नाही. सरोवराला मात्र तेवढं पुरतं.

आयोगाला ही कसोटी एकदम नवी नव्हती. टोलेडोच्या आधी ग्रँड लेक सेंट मेरीज नावाच्या कृत्रिम तलावाचं असंच झालं होतं. एकोणिसाव्या शतकात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला सुमारे 13,000 एकरांचा हा उथळ तलाव. भोवती डेअऱ्या, कोंबड्या, डुकरं, म्हणजे शेणखताचे ढीग. 2010 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं विषारी झालं की तलावाला हात लावू नका, असे फलक लागले. राज्याच्या नियमांत एक तरतूद आहे: एखादा पाणलोट संकटग्रस्त जाहीर करता येतो आणि मग तिथे सक्तीचे नियम लागू होतात. पण ही घोषणा करायला आयोगाची संमती लागते. बाकी सगळ्या ठिकाणी शिफारस, इथे मात्र संमती. जानेवारी 2011 मध्ये आयोगाने ती दिली. वर्षाला 350 टनांपेक्षा जास्त शेणखत हाताळणाऱ्या प्रत्येकाला खत व्यवस्थापनाचा आराखडा बंधनकारक झाला. 15 डिसेंबर ते 1 मार्च शेतात शेणखत टाकायला बंदी आली, कारण गोठलेल्या जमिनीवर टाकलेलं खत मुरत नाही, बर्फ वितळताना सरळ ओढ्याला जातं. पुढे तपासणी झाली तेव्हा ओढ्याच्या पाण्यातल्या पोषकद्रव्यांचा भार कमी झाल्याचं आढळलं, विशेषतः ओल्या थंडीच्या महिन्यांत. शेतकरी देशोधडीला लागले नाहीत. आराखडे करायला जिल्ह्याची माणसं त्यांच्या सोबत बसली होती.

टोलेडोच्या घटनेच्या आगेमागे राज्याने काही पावलं उचलली. 50 एकरांपेक्षा जास्त जमिनीवर रासायनिक खत टाकणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणं आवश्यक झालं. 2015 पासून ईरीच्या पश्चिम पाणलोटात गोठलेल्या, बर्फाच्छादित किंवा पाण्याने तुडुंब जमिनीवर खत टाकायला बंदी आली. त्याच वर्षी ओहायो, मिशिगन आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत यांनी 2025 पर्यंत स्फुरद 40 टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. आकडे मात्र हलत नव्हते.

11 जुलै 2018 रोजी गव्हर्नर जॉन केसिक यांनी आदेश काढला: मॉमीच्या खोऱ्यातले आठ पाणलोट संकटग्रस्त जाहीर करण्याची कार्यवाही सुरू करा. त्यात जवळपास 20 लाख एकर जमीन येत होती. आठ दिवसांनी, 19 जुलैला आयोगाची बैठक झाली. शेतकरी संघटनांचं म्हणणं होतं की आम्हाला कोणी विचारलंच नाही, नियम काय असतील ते स्पष्ट नाही, आराखडे करायला एवढी माणसं जिल्ह्यांकडे आहेत कुठे? सरोवराच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की चार वर्षं वाट पाहिली, आणखी किती? आयोगाने प्रस्ताव अभ्यासासाठी उपसमितीकडे दिला. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी राज्याच्या कृषी संचालकांना पदावरून दूर केलं. तरी आयोगाची संमती काही आली नाही. जानेवारी 2019 मध्ये गव्हर्नर बदलले आणि ते आठ पाणलोट त्या यादीत गेलेच नाहीत.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. मुळात आयोग घडवलाच होता तो अशासाठी, की वरून आलेला हुकूम शेतकऱ्याच्या कुंपणापाशी थोडा थांबावा आणि त्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. त्या अर्थाने 2018 मध्ये आयोग आपल्या जन्माला जागला. शेतकऱ्यांचे आक्षेपही पोकळ नव्हते. ग्रँड लेकच्या पाणलोटात जे जमलं ते कितीतरी पट मोठ्या भागात तेवढ्याच माणसांत जमणार नव्हतं. पण मला वाटतं, आयोगाने संमती द्यायला हवी होती. टप्प्याटप्प्याने, दोन पाणलोटांपासून सुरुवात करून, माणसांसाठी पैसे मागून, पण द्यायला हवी होती. शहरी हिताचं एक मत आयोगात आहे, तरी टोलेडोच्या नळाला त्या टेबलावर पुरेसा आवाज नव्हता. बांधावरच्या भांडणात पंच नेमले आणि पंच बहुतेक वरच्या शेतांचे असले की न्याय मुद्दाम चुकतो असं नाही, पण उशिरा होतो. सरोवरातल्या जिवाणूंना तो उशीर पुरतो. 1937 च्या नमुन्यातलं गाळलेलं कलम पुढच्या पिढ्यांना इथे असं भेटलं.

नवे गव्हर्नर माइक डीवाइन यांनी सक्तीचा रस्ता सोडून पैशाचा धरला. 2019 मध्ये विधिमंडळाने एच-टू-ओहायो या योजनेला 17.2 कोटी डॉलर दिले. शेतकऱ्याने माती तपासून खताचा आराखडा करायचा, खत वरून न फेकता जमिनीखाली द्यायचं, हिवाळ्यात जमीन झाकणारं पीक घ्यायचं, चराच्या तोंडाला झडप बसवून पाणी अडवायचं, आणि त्याबद्दल एकरी मोबदला घ्यायचा. आराखडे तपासून मंजूर करायचं काम जिल्ह्यांकडे आलं. सुरुवात मॉमीच्या 14 काउंट्यांत झाली आणि काही वर्षांतच दहा लाखांहून जास्त एकर योजनेत आले. इतक्या लवकर इतके शेतकरी एका आराखड्यावर सही करायला येतात याचं श्रेय मी पैशाइतकंच त्या ऐंशी वर्षांच्या ओळखीला देतो. दारात उभा असलेला माणूस जिल्ह्याचा होता. त्याच्या वडिलांनी यांच्या वडिलांना समतल ओळी आखून दिल्या असण्याची शक्यता होती.

ग्रँड लेकचा नियम सक्तीचा होता आणि त्याने काम केलं. मॉमीची योजना ऐच्छिक आहे आणि तिचं काम अजून मोजलं जात आहे. मोजमाप होतं टोलेडोच्या थोडं वर, वॉटरव्हिल नावाच्या गावाजवळ. तिथे हायडलबर्ग विद्यापीठाचं यंत्र दिवसातून तीनदा नदीचं पाणी बाटलीत भरतं. मार्च ते जुलै या महिन्यांचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा, कारण वसंतात येणारं स्फुरद उन्हाळ्यातला सरोवराचा रंग ठरवतं. या पाच महिन्यांत एकूण स्फुरद 860 टनांच्या आत आणि विरघळलेलं 186 टनांच्या आत राहावं, असं उद्दिष्ट आहे. वसंत कोरडा गेला तर आकडा खाली राहतो. मोठा पाऊस झाला की वर जातो, आणि सुमारे 40 लाख एकरांवरून आलेलं ते गढूळ पाणी वॉटरव्हिलच्या बाटलीत जमा होऊन टिफिनच्या प्रयोगशाळेत जातं.